खेळाडूची पोस्ट, जातीची शिवी आणि शिस्तीचा बडगा

एखाद्या खेळाडूने समाजमाध्यमावर एखाद्या समाजाचा अपमान केला, तर त्याला खेळातून बाहेर ठेवावे काय? आपल्याकडे हा प्रश्न निघाला की क्रिकेटचे भक्त लगेच म्हणतात, ‘तो मैदानावर काय करतो ते बघा, बाकीचे सोडून द्या.’ जणू बॅट हातात धरली की माणूस कायद्याच्या आणि सभ्यतेच्या पलीकडे जातो! आम्हाला हे मान्य नाही. मात्र ‘कायमची बंदी घाला’ हे उत्तरही आम्हाला पटत नाही. त्याची कारणे आम्ही पुढे देत आहोत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये युवराज सिंग आणि रोहित शर्मा इन्स्टाग्रामवर गप्पा मारत होते. युजवेंद्र चहलच्या टिकटॉक व्हिडिओंचा विषय निघाला आणि युवराजने हसत हसत सफाईकाम ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले त्या जातीचे नाव शिवीसारखे वापरले. ते नाव आम्ही येथे पुन्हा लिहीत नाही. देशभर संताप उसळल्यावर जून २०२० मध्ये युवराजने जाहीर खेद व्यक्त केला. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत हरियाणातील हांसी येथे गुन्हा नोंदवला गेला. ऑक्टोबरमध्ये त्याला औपचारिक अटक झाली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अंतरिम जामिनावर लगेच सुटकाही झाली.

त्या वेळी अनेक शहाण्यांनी विचारले, ‘चहल कुठे त्या जातीचा आहे? मग अपमान झाला कुणाचा?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना जात म्हणजे काय हेच कळलेले नाही. मित्राची थट्टा करताना एका जातीचे नाव घेतले की थट्टा पुरी होते, याचा अर्थ ते नाव धारण करणारा माणूस मुळातच हलका आहे हे बोलणाऱ्याने आणि हसणाऱ्याने दोघांनीही गृहीत धरलेले असते. अपमान मित्राचा होतच नाही. अपमान होतो तो पहाटे चार वाजता गटारात उतरणाऱ्या माणसाचा, आणि त्याच्या शाळेत जाणाऱ्या लेकराचा.

कायद्याच्या अंगानेही हा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये अपमानित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असावी लागते आणि प्रकार लोकांच्या नजरेसमोर घडावा लागतो. पण २०१५ च्या दुरुस्तीने सुधारलेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या याच कायद्यात ३(१)(यू) हेही कलम आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांविरुद्ध शब्दाने, लेखनाने वा खुणेने वैरभाव, द्वेष पसरवणे हा तेथे गुन्हा आहे. त्याला समोर एक ठरावीक फिर्यादी बळी लागत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी ठाण्यात जाताना हे कलम पाठ करून जावे. नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, लोक हजर नसताना झालेला अपमान या कायद्यात बसत नाही असे म्हटले. पण ज्या भिंतीला जगभरचे डोळे लागलेले आहेत ती इन्स्टाग्रामची भिंत चार भिंतींत कशी धरणार?

तरीही फौजदारी खटला हा एक मार्ग झाला, आणि तो वर्षानुवर्षे चालतो. खेळाच्या संघटनेची शिस्त ही वेगळी गोष्ट. युवराज २०१९ मध्येच निवृत्त झाला होता, त्यामुळे मंडळाच्या कराराची दोरी त्याच्या गळ्यात नव्हती. पण जे खेळत आहेत त्यांचे काय? जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्त्रियांविषयी केलेल्या बोलण्यावरून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून परत बोलावले गेले. पुढे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. म्हणजे इच्छा असली की यंत्रणा हलते.

इंग्लंडमधील ऑली रॉबिन्सनचे प्रकरण आम्हाला यात सर्वांत शिकण्यासारखे वाटते. जून २०२१ मध्ये तो लॉर्ड्‌सवर पहिली कसोटी खेळत असताना त्याने वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लिहिलेल्या वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी पोस्ट बाहेर आल्या. गंमत अशी की त्याच दिवशी इंग्लंडचा संघ भेदभावाविरोधी शर्ट घालून मैदानात उभा राहिला होता. त्याने सामन्यात सात बळी घेतले, आणि तरीही त्याला निलंबित केले गेले. तेथील पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यापर्यंत लोक त्याच्या बाजूने बोलले. पण शिस्त आयोगाने चौकशी केली, आठ सामन्यांची बंदी दिली, त्यातील पाच सामन्यांची बंदी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवली आणि ३,२०० पौंड दंड केला. तीन सामने तो आधीच बाहेर बसला होता. त्याच उन्हाळ्यात तो भारताविरुद्ध खेळला आणि लीड्‌सला डावात पाच बळी घेऊन गेला. चूक नोंदली गेली, शिक्षा मोजून दिली गेली, माणूस संपवला गेला नाही.

आता दुसरी बाजू. २०१८ मध्ये बाबासाहेबांविषयीच्या एका घाणेरड्या ट्विटवरून हार्दिक पंड्यावर गुन्हा नोंदवण्याचे आदेश जोधपूरच्या न्यायालयाने दिले होते. ते खाते त्याचे नव्हतेच, त्याच्या नावाने चालवलेले बनावट खाते होते. संताप खरा होता, पत्ता चुकीचा होता. अशाने खऱ्या फिर्यादीवरही लोक शंका घेऊ लागतात. म्हणून आधी खाते तपासा, पोस्टची प्रत जपा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

आणि शिस्तीची काठी एकाच दिशेने फिरत नाही, हे चळवळीच्या माणसाला सांगायला नको. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या धावपटूंनी पदक घेताना मूठ उंचावली, तर ‘खेळात राजकारण नको’ म्हणत त्यांना संघातून काढून परत पाठवले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये उस्मान ख्वाजाला बुटावर ‘सर्वांच्या जिवाचे मोल सारखे आहे’ अशा अर्थाचे शब्द लिहून खेळू दिले नाही. दंडाला काळी फीत बांधली, त्याबद्दलही ताकीद मिळाली. आपल्या महाराष्ट्रात २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिले आणि ते पसंत केले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या ६६-अ कलमाच्या जोरावर हे चालत होते ते २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. ‘आक्षेपार्ह’ हा शब्द असा पोकळ ठेवला की त्यात सत्ताधारी आपल्याला हवे ते भरतात. उद्या एखाद्या बौद्ध खेळाडूने मनुस्मृतीविरुद्ध लिहिले, तर ‘भावना दुखावल्या’ म्हणून त्यालाच बाहेर बसवतील.

म्हणून नियम ‘आक्षेपार्ह’ या शब्दावर उभा नसावा. तो जन्मावरून केलेल्या अपमानावर उभा असावा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या भेदभावविरोधी संहितेत वंश, धर्म, रंग यांबरोबर ‘डिसेंट’ म्हणजे जन्मकूळ हा शब्द आहे. हा शब्द १९६५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी करारात आला तो भारताच्याच सूचनेने. २००१ मध्ये डर्बनला मात्र आपल्या सरकारने जातीचा विषय तेथे नको म्हणून आटापिटा केला. तरी २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने ‘डिसेंट’मध्ये जात येते असे स्पष्ट सांगितले. मग आमच्या खेळाडूंच्या करारात तो शब्द मराठी-हिंदीत, ‘जात’ असा सरळ लिहायला अडचण कसली?

पळवणकर बाळूला पुण्यात गोलंदाजी करायला बोलावत आणि चहा वेगळ्या भांड्यात देत. २०२१ मध्ये ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरलेल्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर, अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरल्यावर फटाके फोडून जातीवाचक शिव्या दिल्या गेल्या. तेव्हा कितीजणांना खेळ आणि राजकारण वेगळे ठेवावे असे आठवले?

प्रत्येक क्रीडा संघटनेने तक्रार घेणारा एक स्वतंत्र अधिकारी नेमावा, तो अनुसूचित जाती-जमातींच्या कायद्याचा जाणकार असावा आणि साठ दिवसांत निर्णय द्यावा. खेळाडूला आपले म्हणणे मांडू द्यावे, कोवळ्या वयातील पोस्ट असेल तर ते लक्षात घ्यावे. दंडाची रक्कम मंडळाच्या तिजोरीत न जाता सफाई कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाला जावी. अशा मजकुराचे निवेदन आम्ही तयार करीत आहोत. ज्या जिल्हा शाखांना त्यावर सही करावयाची आहे त्यांनी आपल्या ठरावाची प्रत पाठवावी.