साथ, पहिली तिमाही आणि शाळेचा वर्ग

साथरोगाच्या काळात गरोदर शिक्षिकेने शाळेत प्रत्यक्ष हजर राहावे का, हे चार गोष्टींवर ठरते: तिची प्रकृती, परिसरातील साथीचा जोर, वर्गाची आणि प्रवासाची स्थिती, आणि नोकरीच्या अटी. कोविड-१९च्या काळात महाराष्ट्रात हा प्रश्न एकदाच आला आणि सुटला असे झाले नाही. मार्च २०२०मध्ये बंद झालेल्या शाळांतले नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२०पासून टप्प्याटप्प्याने भरू लागले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१पासून. दुसऱ्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि ४ ऑक्टोबर २०२१ला उघडल्या. ओमायक्रॉनमुळे जानेवारी २०२२मध्ये परत कुलूप लागले, ते २४ जानेवारीपासून निघू लागले. दर वेळी घंटा वाजली की गरोदर शिक्षिकांना तोच हिशेब नव्याने मांडावा लागला.

हा हिशेब पहिल्या तिमाहीत, म्हणजे पहिल्या साधारण बारा-तेरा आठवड्यांत, सर्वांत अवघड असतो. आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत दिवस गेल्याचे बाहेर सांगत नाहीत. ज्या काळात ओकाऱ्या, चक्कर आणि थकवा सर्वाधिक असतो, त्याच काळात मुख्याध्यापकांना काही ठाऊक नसते. सवलत मागायची तर गुपित फोडावे लागते आणि गुपित ठेवायचे तर सगळे तास, परिपाठ आणि वर्गाबाहेरची कामे निमूट करावी लागतात.

पहिल्या तिमाहीत धोका कशाचा?

गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाच्या बहुतेक अवयवांची घडण होते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात ती साधारण २८व्या दिवसापर्यंत बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. या काळात दीर्घकाळ टिकणारा तीव्र ताप आला तर या नलिकेतील दोषांची शक्यता काहीशी वाढते. म्हणूनच कोणत्याही साथीत ताप अंगावर काढू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेऊन तो वेळीच उतरवावा. फॉलिक ॲसिडची गोळी याच दोषांपासून संरक्षण देते. ती गर्भधारणेच्या आधीपासून सुरू करणे उत्तम.

गर्भपाताची भीती या महिन्यांत सर्वांत मोठी असते. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप संपतात आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. कोविडमुळे पहिल्या तिमाहीतील गर्भपातांचे प्रमाण स्पष्टपणे वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत आढळले नाही. ही माहिती धीर देणारी आहेच, शिवाय एका अन्यायावरही उत्तर आहे. शाळेत जाणाऱ्या स्त्रीचा गर्भपात झाला की 'उगाच कामावर गेली' असा ठपका तिच्यावर येतो. बहुतेक वेळा त्या ठपक्याला शास्त्राचा आधार नसतो.

खरी जोखीम पुढच्या महिन्यांत

गरोदरपणात शरीराची ऑक्सिजनची गरज सुमारे एक पंचमांशाने वाढते. गर्भाशय वर सरकते तसा श्वासपटलावर दाब येतो आणि फुप्फुसांना पसरायला जागा कमी उरते. रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. त्यामुळे श्वसनाचा आजार सहाव्या-सातव्या महिन्यानंतर झाला तर तो बळावण्याची शक्यता जास्त असते. २००९च्या स्वाइन फ्लूत हेच दिसले होते. अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया सुमारे १ टक्का असताना मृतांमध्ये त्यांचा वाटा सुमारे ५ टक्के होता.

कोविडमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२०मध्ये लक्षणे असलेल्या सुमारे चार लाख स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. अतिदक्षता विभागात दाखल होण्याचे प्रमाण गरोदर स्त्रियांमध्ये दर हजारी १०.५, तर इतर स्त्रियांमध्ये ३.९ होते. कृत्रिम श्वसनयंत्र लागण्याचे प्रमाण अनुक्रमे २.९ आणि १.१ होते. प्रत्यक्ष धोका कमी, पण तुलनेने दुपटी-तिपटीचा, असा या आकड्यांचा अर्थ आहे. त्याच संस्थेच्या पुढच्या अभ्यासात, कोविड असलेल्या प्रसूतींत बाळ मृत जन्मण्याचे प्रमाण १.२६ टक्के आढळले. कोविड नसलेल्यांत ते ०.६४ टक्के होते.

विषाणूचा प्रकार बदलला की हिशेबही बदलतो. मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि नायर रुग्णालय यांच्या सहभागाने गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या कोविडबाधित स्त्रियांची नोंद ठेवण्यात आली होती. त्या नोंदीनुसार पहिल्या लाटेत १४.२ टक्के स्त्रियांना लक्षणे होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्क्यांना. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर गेले. ही नोंद रुग्णालयात आलेल्या स्त्रियांची असल्याने हे आकडे सगळ्या गरोदर स्त्रियांना लावता येत नाहीत. पण डिसेंबर २०२०मध्ये शाळेत जाण्याचा निर्णय योग्य असलेल्या स्त्रीसाठी तोच निर्णय एप्रिल २०२१मध्ये चुकीचा ठरू शकत होता, हे त्यातून स्पष्ट होते.

लसीने हे चित्र पुन्हा बदलले. जानेवारी २०२१मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा गरोदर स्त्रिया त्यातून वगळलेल्या होत्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २ जुलै २०२१ रोजी त्यांना लस घेण्याची मुभा दिली आणि ती गरोदरपणात केव्हाही घेता येईल असे सांगितले. दुसऱ्या लाटेचा कहर सोसलेल्या गरोदर शिक्षिकांना हे संरक्षण मिळालेच नव्हते.

वर्ग, स्टाफरूम आणि रस्ता

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे ३० आणि उच्च प्राथमिक वर्गात ३५ विद्यार्थ्यांचे प्रमाण घातले आहे. प्रत्यक्षात शहरातल्या अनेक वर्गांत यापेक्षा बरीच जास्त मुले असतात. हवेतून पसरणाऱ्या रोगात पटसंख्येइतकेच महत्त्व खिडक्यांना असते. समोरासमोर खिडक्या असलेला, पंखे चालू असलेला वर्ग आणि आवाज नको म्हणून दारे लावून घेतलेला वातानुकूलित वर्ग यांत मोठा फरक पडतो. शिकवताना मोठ्याने बोलावे लागते. शिक्षिकेने आणि मुलांनी मास्क लावलेला असेल तर बोलण्यातून होणारा प्रसार घटतो. मात्र सतत मळमळ होणाऱ्या स्त्रीला सहा-सात तास मास्क सहन होईलच असे नाही. तिच्यासाठी तास कमी करणे किंवा मध्ये मोकळा तास ठेवणे हाच व्यवहार्य उपाय असतो.

वर्गापेक्षा स्टाफरूमकडे लक्ष कमी जाते. मधल्या सुट्टीत मास्क काढून, एका टेबलाभोवती बसून डबे खाणे ही संसर्गाची मोठी संधी असते. डबा मोकळ्या वऱ्हांड्यात खाणे हा बिनखर्चाचा बचाव आहे. तिसरी जागा प्रवासाची. खच्चून भरलेली लोकल, एसटी किंवा वडाप यांतला तासाभराचा प्रवास काही वेळा हवेशीर वर्गापेक्षा अधिक धोक्याचा असतो. गर्दीची वेळ टाळता यावी म्हणून उशिरा येण्याची किंवा लवकर निघण्याची सवलत त्यामुळे क्षुल्लक ठरत नाही.

घरी राहणे म्हणजेही शून्य धोका नव्हे. पती किंवा सासू-सासऱ्यांपैकी कोणी दवाखान्यात, बाजारात वा कारखान्यात रोज जात असेल, तर संसर्ग त्या वाटेने येऊ शकतो. शाळेतला धोका मोजताना घरातलाही मोजावा लागतो.

साथ कोविडची असली तरी वर्गातले जुने रोग रजेवर जात नाहीत. पहिल्या तिमाहीत रुबेलाचा संसर्ग झाल्यास गर्भाची हानी होण्याची शक्यता फार मोठी असते. बाळाचे हृदय, डोळे आणि श्रवणशक्ती यांवर परिणाम होतो. कांजिण्याही गरोदर स्त्रीला त्रासदायक ठरतात. या दोन्ही रोगांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असल्याने गरोदरपणात देत नाहीत. म्हणून शिक्षिकांनी लग्नानंतर किंवा मूल हवे असे ठरवताना आपली प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी आणि गरज असल्यास लस आधीच घ्यावी.

नियम काय सांगत होते?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ सप्टेंबर २०२०च्या कार्यपद्धतीत नववी ते बारावीच्या शाळा अंशतः उघडताना गरोदर, वयस्क आणि आजारी कर्मचाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, विद्यार्थ्यांशी थेट संपर्क येणारे काम त्यांना शक्यतो देऊ नये, असे नमूद केले होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांबाबत त्याआधीच, मे २०२०मध्ये, प्रसूती रजेवर नसलेल्या गरोदर स्त्रियांना कार्यालयातील हजेरीतून सूट देण्याची सूचना निघाली होती. पण 'शक्यतो' या शब्दाचा अर्थ प्रत्येक शाळेत वेगळा लागतो. अनुदानित शाळेतील कायम शिक्षिकेकडे वैद्यकीय आणि अर्जित रजा शिल्लक असते. तासिका तत्त्वावरील किंवा विनाअनुदानित शाळेतील शिक्षिकेचा तास बुडाला की पैसे बुडतात. दोघींचे गर्भारपण सारखे असले तरी त्यांच्यासमोरचे पर्याय सारखे नसतात.

त्या काळी लागू असलेला मातृत्व लाभ अधिनियम १९६१ सालचा होता. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येत होते. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची आणि गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्याची रजा होती. फार वेळ उभे राहण्याचे किंवा कष्टाचे काम देऊ नये हे कलमही होते, पण ते प्रसूतीच्या जवळच्या आठवड्यांपुरते. म्हणजे कायद्याची सावली शेवटच्या महिन्यांवर होती. पहिल्या तिमाहीसाठी आजारपणाची रजा आणि मुख्याध्यापकांचा चांगुलपणा एवढेच हाती उरत होते.

ब्रिटनमध्ये मांडणी वेगळी होती. मार्च २०२०मध्ये तिथे गरोदर स्त्रियांचा समावेश असुरक्षित गटात झाला. २८ आठवड्यांपूर्वी, दुसरा आजार नसल्यास आणि जोखीम तपासणीत काम सुरक्षित ठरल्यास, शाळेत काम करता येत होते. २८ आठवड्यांनंतर अधिक सावध भूमिका घ्यायची होती. मुख्य म्हणजे १९९९च्या तिथल्या नियमांनुसार स्त्रीने लेखी कळवताच तिच्या कामाची स्वतंत्र तपासणी करणे मालकाला भाग असते. आधी कामाची पद्धत बदलायची, ते जमत नसेल तर दुसरे काम द्यायचे, तेही शक्य नसेल तर पूर्ण पगारावर घरी पाठवायचे, असा क्रम ठरलेला आहे. गरोदर शिक्षिकेने किती धाडस करावे, हा प्रश्न तिथे निदान कागदावर तरी तिच्या एकटीचा राहत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

पहिली पायरी प्रकृतीची. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, तीव्र दमा, सिकलसेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, या गरोदरपणात रक्तस्राव झाला असेल किंवा ओकाऱ्यांनी पाणीही पोटात टिकत नसेल, तर साथीच्या भरात प्रत्यक्ष वर्ग टाळण्याकडे झुकते माप द्यावे. त्यासाठी बारा आठवड्यांच्या आत नोंदणी आणि तपासणी व्हायला हवी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील तपासणी मोफत होते. पहिली नोंदणी मात्र त्याआधीच आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात करावी.

दुसरी पायरी साथीची. जिल्ह्यातील रुग्ण वाढत आहेत की घटत आहेत, लस उपलब्ध आहे का, शाळेत मास्क आणि आजारी मुलांना घरी ठेवण्याचा नियम पाळला जातो का, हे दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

तिसरी पायरी कामाच्या विभागणीची. जाणे की न जाणे या दोन टोकांमध्ये बरीच जागा असते. ऑनलाइन तास, प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, निकाल आणि नोंदींचे काम, कमी पटाचा वर्ग, एकाच वर्गखोलीत सलग तास अशा वाटणीने शाळेचेही अडत नाही. घरोघरचे सर्वेक्षण, तपासणी नाके, निवडणुकीचे काम ही वर्गाबाहेरची कामे मात्र गरोदर शिक्षिकेच्या वाट्याला येऊ नयेत. तिथे अनोळखी माणसांची ये-जा असते आणि खबरदारी तिच्या हाती नसते.

चौथी पायरी सांगण्याची. साऱ्या स्टाफरूमला सांगणे गरजेचे नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांना गोपनीय अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि अर्जात 'रजा हवी' एवढेच न लिहिता कोणते काम करता येईल हेही लिहावे. रजा वापरायची असेल तर शेवटच्या महिन्यांसाठी आणि बाळंतपणानंतरसाठी किती उरते, हे आधी मोजावे. ताप, श्वास लागणे, छातीत दुखणे, रक्तस्राव किंवा पोटात तीव्र कळा यांपैकी काहीही झाले तर शाळेचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठावा.

निरोगी, लस घेतलेल्या शिक्षिकेने पहिल्या तिमाहीत, साथ ओसरलेली असताना, हवेशीर वर्गात शिकवणे बहुधा सुरक्षित असते. साथ चढती असेल, लस नसेल किंवा जोडीला आजार असेल तर घरून काम हाच योग्य पर्याय आहे. या दोन्हींच्या मधल्या स्थितीत मात्र निर्णय शाळेच्या तयारीवर अवलंबून राहतो. म्हणून प्रत्येक शाळा व्यवस्थापनाने गरोदर कर्मचाऱ्यांच्या कामाचे लेखी नियम पुढची साथ येण्याआधीच करून ठेवावेत आणि त्यांत तासिका तत्त्वावरील शिक्षिका, मदतनीस व पोषण आहार शिजवणाऱ्या बायाही धराव्यात.