खापराच्या तुकड्यांची भाषा

मुलांनो, तुमच्या गावाजवळ 'पांढरी' आहे का? जुनी वस्ती मोडून जिथली माती पांढुरकी झाली, ती पांढरी. पाऊस पडून गेला की तिथे खापराचे तुकडे उघडे पडतात. 'फुटक्या मडक्याचं काय एवढं?' असं मात्र म्हणू नका हं!

चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ हे गाव आहे. तिथे १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी खोदले. (प्रकाशे १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.) दोन्हीकडे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची भांडी मिळाली. काहींवर प्राण्यांची, झाडापानांची चित्रे. तर चाकावर घडवलेल्या 'जोर्वे' पद्धतीच्या लाल भांड्यांवर काळ्या रेषांची जाळी, जणू विणलेली चटईच!

ही माणसे कापड विणत असतील का? कापड तर मातीत कुजून जाते. पण पुणे जिल्ह्यात चांदोलीला तांब्याचे मणी सापडले, आणि तांब्याच्या गंजामुळे त्यांतला धागाही टिकला. तो कशाचा होता, ठाऊक आहे? जवसाचा! ज्याची आपण चटणी खातो, त्याच जवसाच्या खोडातून सूत निघते.

मग ही माणसे गेली कुठे? सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तापी-गोदावरीच्या खोऱ्यांतली त्यांची बहुतेक गावे ओस पडली. पाऊस कमी झाला, शेती पिकेना, म्हणून घरदार सोडावे लागले, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे मत. पुणे जिल्ह्यातले इनामगाव आणखी काही शतके तग धरून राहिले. पण तिथेही मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांडीही ओबडधोबड झाली. त्या लोकांना लिहिता येत नव्हते. त्यांचे हाल सांगायला उरली ती खापरे.

आज पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली जाते. कोणता तुकडा कोणत्या थरात होता, यावरूनच त्याचा काळ कळतो. जागा हलली, की खापर मुके होते. म्हणून तुकडा दिसला तर उकरू नका, खिशात घालू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि गुरुजींना, बाईंना सांगा. घरच्यांनाही सांगा बरं का, पांढरी म्हणजे नुसतं खत नव्हे!