‘टॉप दोन टक्के’ शास्त्रज्ञ म्हणजे नेमके कोण?

सप्टेंबरच्या आसपास जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास झळकते: अमुक महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचा ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ समावेश. मग शाल-श्रीफळ, चौकात फ्लेक्स. कौतुक व्हायलाच हवे. पण ते नेमके कशाचे, हे फ्लेक्स लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गैरसमज: स्टॅनफर्ड विद्यापीठ हे शास्त्रज्ञ निवडते.

इथे अर्ज नसतो, मुलाखत नसते आणि पुरस्कारही नसतो. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधली आकडेवारी घेऊन गणित मांडतात. कोणाच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, म्हणजे सायटेशन किती, आणि लेखकांच्या नावांत त्याचे स्थान कोणते, हे त्यात धरले जाते. याद्या दोन निघतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. बातमीत नेमका हाच तपशील गळतो. स्वतःच स्वतःचा दिलेला हवाला वगळून काय उरते, तेही यादीत दिलेले असते. ते कोणी छापत नाही.

गैरसमज: सायटेशन जितके जास्त, तितका शोध मोठा.

रेणवीय जीवशास्त्रातच याचे उत्तर आहे. ऑलिव्हर लॉरी यांनी १९५१ मध्ये प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत लिहिली. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०१४ मध्ये काढलेल्या सर्वाधिक सायटेशनच्या निबंधांच्या यादीत तो निबंध पहिला होता, तीन लाखांहून अधिक सायटेशन घेऊन. आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध? तो पहिल्या शंभरातसुद्धा नाही! कारण सरळ आहे. प्रयोगशाळेत प्रथिने मोजली की कोणाच्या पद्धतीने मोजली ते लिहावे लागते. डीएनएची रचना मात्र शाळेच्या पुस्तकात गेली. आता तिचा हवाला कोण देतो? आपला निबंध काही थोर नाही, हे लॉरी स्वतःच कबूल करत.

हवाला म्हणजे शाबासकी, असेही नाही. लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तो चुकीचा होता, हे सांगण्यासाठीही त्याचे नाव घ्यावेच लागते.

गैरसमज: एच-इंडेक्स पाहिला की माणूस कळला.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवले. एच-इंडेक्स २० म्हणजे प्रत्येकी किमान २० सायटेशन मिळालेले २० निबंध. हा आकडा कधी उतरत नाही, निवृत्तीनंतरही वाढू शकतो, आणि वेगवेगळ्या विषयांतल्या माणसांची तुलना त्याने करू नये. शिवाय काही मोलाचे काम या मापात बसतच नाही. धुळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींचा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध केला. सातपुड्यातल्या एखाद्या झाडाचा डीएनए काढण्याआधी ते झाड कोणते, हे असल्या ग्रंथावरूनच ठरते. नाव चुकले की पुढचे डीएनएचे सगळे क्रमवाचन वाया. तरीही निबंधाच्या संदर्भसूचीत अशा ग्रंथांना बऱ्याचदा जागा मिळत नाही.

गैरसमज: खानदेशात कसले आले जागतिक संशोधन?

जळगावचे विद्यापीठ १९९० चे. आता ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या जीवशास्त्र प्रशाळेचे सुधीर चिंचोलकर हे ‘मायक्रोबियल सिडेरोफोर्स’ या ग्रंथाचे सहसंपादक; स्प्रिंगरने तो २००७ मध्ये काढला. विषय अगदी मातीतला. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असते, पण विरघळत नसल्याने पिकाला मिळत नाही. काही जिवाणू सिडेरोफोर नावाचे रेणू सोडून ते लोह पकडतात, आणि त्यामुळे रोगकारक बुरशीला लोहाची टंचाई पडते.

गैरसमज: सायटेशन नाही म्हणजे उपयोग नाही.

रावेर-यावलच्या केळीबागांत पानांवर पिवळे पट्टे दिसले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे ‘सीएमव्ही’, मावा किडीमार्फत पसरतो. त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करावे लागते. ऊतिसंवर्धित रोपांत तो आधीच शिरलेला असला, तर तो एलायझा किंवा पीसीआर चाचणीत पकडता येतो. त्यामागे कित्येकांचे निबंध आहेत, पण स्वच्छ रोप लावणारा शेतकरी कोणाचाही हवाला देत नाही. त्याने रोपवाल्याला विचारावे ते एवढेच: मातृरोपाची विषाणू-चाचणी झाली आहे का, आणि तिचा दाखला कुठे आहे?