खारें पाणी आणि वीज

औरंगपुऱ्यांतील घरांत नळ येतो, हंडे-घागरी भरतात आणि क्षणभर एक उग्र वास दरवळतो. जायकवाडीच्या जलाशयांतून फारोळ्याच्या शुद्धीकरण-केंद्रांत आलेल्या पाण्यांत रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरीन मिसळतात, त्याचा हा वास. नाक मुरडणाऱ्या मंडळींना आश्चर्य वाटेल, पण हाच वायु कणकेंत घातलेल्या चिमूटभर मिठांतही आहे. मात्र तेथें तो सोडियम ह्या धातूशीं जखडलेला असल्यामुळें निरुपद्रवी असतो.

ही गांठ नुसती आंच देऊन सुटत नाहीं. ती वीज सोडविते. 1800 सालीं व्होल्टानें आपल्या विद्युत्-घटमालेची वार्ता जगास दिली आणि त्याच वर्षीं क्रुकशँक ह्या रसायनशास्त्रज्ञानें मिठाच्या पाण्यांतून वीज सोडून पाहिली. परंतु कारखान्यास परवडेल अशी वीज डायनामोनें दिली तेव्हांच, म्हणजे 1890 नंतरच्या दशकांत, ह्या प्रयोगाचा धंदा झाला.

कृति वरवर सोपी दिसते. मिठाच्या संपृक्त द्रावणांत दोन विद्युदग्रें बुडवून एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह सोडला, कीं धनाग्रापाशीं क्लोरीनचे बुडबुडे निघतात, ऋणाग्रापाशीं हायड्रोजन सुटतो आणि तेथील पाण्यांत कॉस्टिक सोडा तयार होतो. खरें कौशल्य पुढेंच आहे. हीं तीन भावंडें एकत्र राहूं दिलीं, तर घात होतो. क्लोरीन व सोडा मिसळल्यास कपडे पांढरे करणारें विरंजक पाणी बनतें. क्लोरीन व हायड्रोजन एकत्र आल्यास नुसत्या सूर्यप्रकाशानेंही स्फोट होतो. म्हणून आधुनिक कारखान्यांत दोन अग्रांच्या मध्यें एक पातळ पडदा ताणलेला असतो. तो सोडियमच्या कणांना वाट देतो, क्लोरीनच्या कणांना अडवितो. पडदा मोठा नाजुक. पावसाळ्यांत बरणींतल्या मिठाला ज्यांच्यामुळें पाणी सुटतें, ते मॅग्नेशियमचे क्षारही त्याला चालत नाहींत. उरणच्या आगरांतलें मीठ असो वा गुजराथचें, तें कसून शुद्ध केल्यावांचून पडद्यापाशीं नेतां येत नाहीं.

पडद्याऐवजीं पूर्वीं अनेक ठिकाणीं पारा वापरीत. ऋणाग्र म्हणून वाहता ठेवलेला पारा सोडियमला आपल्यांत विरघळवून दूर नेई आणि सोडा अतिशय निर्मळ मिळे. पण थोडा थोडा पारा सांडपाण्यावाटे निसटे, गाळांत बसे आणि मासळींत उतरे. ठाणें खाडींतील पाऱ्याविषयीं 1981 सालीं संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. भारतांत ही पद्धति 2012 पर्यंत सोडून देण्याचें उद्दिष्ट ठरावयास 2003 साल उजाडलें. पडद्याच्या पद्धतीला वीजही कमी लागते, हें लक्षांत घेतां इतक्या उशिराचें नवल वाटतें.

एक टन क्लोरीन काढला, कीं त्याबरोबर सुमारें 1,130 किलो कॉस्टिक सोडा व 28 किलो हायड्रोजन मिळणारच. हें प्रमाण सृष्टीनें ठरविलेलें, कारखानदारानें नव्हे. साबण, कागद व रेयॉन ह्यांना सोडा हवा, पी. व्ही. सी. चे नळ व अनेक औषधें ह्यांना क्लोरीन. एकाला गिऱ्हाईक नसलें, कीं दुसऱ्याचाही खोळंबा होतो, कारण विषारी क्लोरीन फार दिवस सांठवून ठेवणें धोक्याचें असतें.

शहराच्या पाण्याला ह्यांतला अगदीं थोडा अंश पुरतो. नळापर्यंत पोंचलेल्या पाण्यांत दर लिटरमागें निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असें भारतीय मानक सांगतें. नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी येण्याचीं वर्षें ह्या शहरानें पाहिलीं आहेत, आणि खरी अडचण तेथेंच आहे. पिंपांत सांठविलेल्या पाण्यांतला क्लोरीन हळूहळू नाहींसा होतो; पिंप उघडें वा मळलेलें असल्यास अधिकच लवकर. पहिल्या दिवशींचा वास चौथ्या दिवशीं आला नाहीं, म्हणून पुष्कळांना पाणी निवळलें असें वाटतें. वस्तुतः त्या दिवसापासून तें उकळून प्यावें लागतें, आणि नवें पाणी भरण्यापूर्वीं पिंपाचा तळ घासावा लागतो.