आधी डावा पाय, मग भाला

शालेय भालाफेकीच्या आढाव्याचे सरळ दोन भाग पडतात: 7 ऑगस्ट 2021 पूर्वीचा आणि नंतरचा. त्या दिवशी टोकियोत नीरज चोप्राने 87.58 मीटरची फेक केली, भारताला ॲथलेटिक्समधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं आणि पुढे तोच दिवस राष्ट्रीय भालाफेक दिन ठरला. क्रीडासाहित्याच्या खोलीत कोपऱ्यात पडलेला भाला मुलं आपणहून मागू लागली. शिकवणं मात्र होतं तिथेच राहिलं.

नियमांत रेंगाळायचं कारण नाही. टोक आधी टेकावं, फेक खांद्यावरून व्हावी, हातातून भाला सुटेपर्यंत पाठ फेकीच्या दिशेला वळू नये. 1956 साली स्पेनमध्ये गिरकी घेऊन फेकण्याची तऱ्हा निघाली, ती असल्याच नियमांनी बंद पाडली. 1984 साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने 104.80 मीटर गाठले. फेकी इतक्या लांब जाऊ नयेत म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला गेला. हाच होन पुढे नीरजचा प्रशिक्षक झाला.

पकडीतही रेंगाळायचं कारण नाही. तर्जनीची, मधल्या बोटाची किंवा दोन बोटांच्या बेचक्यातली, मुलाच्या हाताला बसेल ती घ्यावी.

खरी फेक घडते ती डाव्या पायावर. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे पडतो, टाच टेकते, गुडघा ताठ राहतो आणि धावण्याचा वेग तिथे अडतो. भरधाव बैलगाडीचं चाक दगडाला अडलं की गाडीवान पुढे फेकला जातो, तसा तो वेग कमरेतून छातीत, छातीतून खांद्यात आणि शेवटी हातात जातो. गुडघा दुमडला तर सगळा वेग जमिनीत मुरतो. म्हणून प्रस्तुत लेखकाचा वर्षानुवर्षांचा आग्रह आहे: पहिले काही महिने उभ्यानेच फेक. मग तीन पावलं, मग पाच. तिरकी पावलं त्यानंतर आणि पूर्ण धाव सर्वांत शेवटी.

याला काही मंडळी हसतात. मुलांना धाव आवडते, धावेशिवाय अंतर निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. अंतर निघतं हे खरं, पण ते खांदा आणि कोपर ओरबाडून. बारा-तेराव्या वर्षी कोपराच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. हात बाजूने फिरवून भाला भिरकावण्याची सवय एकदा लागली की ती सुटता सुटत नाही. कोपर खांद्याच्या वर राहून हाताच्या पुढे निघालं पाहिजे. खुद्द नीरजच्या उजव्या कोपरावर 2019 साली मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली. कसलेल्या हाताची ही गत, तर शाळकरी हाताला किती जपायला हवं!

कोपर वर ठेवायला शिकवण्यासाठी चेंडूसारखं साधन नाही. डोक्यामागून दोन्ही हातांनी जड चेंडू, मग एका हाताने टेनिसचा चेंडू भिंतीवर. त्यानंतर बांबू. बांबूला नाकं मुरडणाऱ्यांनी अन्नू राणीकडे पाहावं. मेरठजवळच्या गावात तिने उसाच्या कांड्यांवर हात बसवला, बांबूचा भाला फेकला आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 62.92 मीटरवर सुवर्ण जिंकलं.

शाळांत मात्र अनेकदा एकच भाला असतो आणि तोही मोठ्यांचा, 800 ग्रॅमचा. अठरा वर्षांखालच्या मुलांना 700 आणि मुलींना 500 ग्रॅमचा भाला असताना सातवीतल्या पोराच्या हाती हे ओझं द्यायचं, आणि जिल्हा स्पर्धा आठवड्यावर आली की धावपट्टीवर उभं करायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत.

पूर्वीचे पी.टी.चे सर एका गोष्टीत फार कडक असत. सगळ्यांनी फेकून झाल्यावरच सगळ्यांनी आणायला जायचं. भाला उभा धरून चालत यायचं. रुतलेला भाला उपसताना मागे कोणी थांबायचं नाही. आता मैदानांवर इमारती उभ्या राहिल्या, खेळाचा तास गणिताने खाल्ला आणि उरलेल्या अरुंद पट्टीत ही शिस्तही सैल झाली. अपघात झाला की भालाच बंद करतात, शिस्त कोणी परत आणत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की क्रीडामहोत्सवांची तयारी सुरू होईल. मुख्याध्यापकांनी यंदा नवा भाला घेण्याआधी दोन डझन चेंडू आणि दहा-बारा बांबू घ्यावेत, आणि खेळाचा तास खेळाच्या शिक्षकाला परत द्यावा.