फॉर्म भरण्याचे दिवस आणि संगणकातली छोटी अवजारे

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या तामलवाडीत झेरॉक्सच्या दुकानापुढे गर्दी सुरू होते. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, सीईटी, वसतिगृह, सगळे ऑनलाइन. फोटो कुठे ५० केबीच्या आत हवा, सही कुठे २० केबीच्या आत, दाखला मात्र पीडीएफमध्ये. मोबाइलवर काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा. मग दुकानदार तो ‘कमी करून’ देतो आणि त्याचे पैसे घेतो.

पैशाचे एक वेळ जाऊ द्या. तो कमी कसा करतो, ते जरा बघा. पुष्कळदा गुगलवर शोधून जी पहिली साइट येईल तिच्यावर तुमच्या मुलीचा फोटो, आधार कार्ड, बँकेचे पासबुक चढवले जाते. म्हणजे ती कागदपत्रे त्या क्षणी गावातून निघून कुणाच्या तरी, कुठल्या तरी देशातल्या संगणकावर पोहोचतात. तिथे ती किती दिवस राहतात आणि कोण पाहते, याचा हिशेब आपल्याला कुणी देत नाही. शिवाय दुकानाच्या संगणकावरही एक प्रत पडून राहते ती वेगळीच. घरातल्या मुलीचा फोटो अनोळखी माणसाच्या हाती द्यायला आपण तयार नसतो. इथे मात्र स्वतः नेऊन देतो.

आता बऱ्याच घरांत एखादा जुना लॅपटॉप असतो. मुलांना कॉलेजसाठी घेतलेला, नाहीतर पुण्याहून भावाने दिलेला. हे काम त्याच्यावर, इंटरनेट बंद ठेवूनही होते. त्यासाठी लागणारी अवजारे फुकट आहेत आणि भरवशाची आहेत.

फोटोसाठी मी सगळ्यांना ‘इरफानव्ह्यू’ सांगते. नाव ऐकून मुले हसतात. त्यांना वाटते, मॅडमच्या कुणा भाच्याने बनवले असेल! ते बनवले इरफान श्किल्यान यांनी. मूळचे बोस्नियातल्या यायत्से गावचे. पुढे ऑस्ट्रियात व्हिएन्नाला शिकले. १९९६ साली त्यांनी हे छोटेसे सॉफ्टवेअर लोकांपुढे ठेवले आणि आजही त्याची देखभाल तेच करतात. घरगुती वापराला आणि शाळांना ते मोफत आहे. इरफान म्हणजे ओळख, जाण. नाव शोभते.

वापर सोपा आहे. फोटो उघडा, कंट्रोल आणि आर दाबा, रुंदीच्या रकान्यात ४०० च्या आसपास आकडा लिहा. उंची आपोआप जुळते. मग एस दाबून जेपीजी म्हणून नव्या नावाने जतन करा. तिथे गुणवत्तेची एक पट्टी दिसते, ती ७५-८० वर आणा. नवा फोटो किती केबीचा झाला ते खाली कडेला दिसते. जास्त वाटला तर पट्टी आणखी थोडी मागे घ्या. मूळ फोटो जसाच्या तसा राहतो, म्हणून नवे नाव द्यायला विसरू नका.

पीडीएफसाठी ‘लिबरऑफिस’ पुरे. वर्डसारखेच लिहिण्याचे काम त्यात होते, तेही फुकट. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे होऊन ते सुरू झाले आणि त्याच्या मेनूपासून सगळे मराठीतही करून घेता येते. दाखल्यांचे फोटो एकेका पानावर बसवा आणि पीडीएफ म्हणून निर्यात करा. तेव्हा चित्रांची स्पष्टता कमी करण्याचा पर्याय असतो, त्याने फाइल निम्म्याहून लहान होऊ शकते. आधीच तयार असलेल्या दोन पीडीएफ जोडायच्या असतील तर ‘पीडीएफसॅम बेसिक’ घ्या. आणि जिथे आधारचा पूर्ण क्रमांक लागत नाही, तिथे झाकलेले आधार द्या. यूआयडीएआयच्या साइटवरून ते काढता येते, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे एकाच संगणकावर दोन लिप्या चालवाव्या लागतात, एक डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे. अनेक शिक्षकांनी वीस वर्षांत केलेल्या प्रश्नपत्रिका, भाषणे, संमेलनाचे अहवाल श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये पडून आहेत. या फाँटची युक्ती अशी होती, की संगणकाच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच असायचे, फक्त त्याच्यावर देवनागरीचा मुखवटा. ज्या संगणकात तो फाँट नाही, तिथे फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर हरवलेला नसतो, पण वाचताही येत नाही.

उर्दूचीही तीच गत. नस्तालीक ही कातिबाच्या हातची, उतरत जाणारी लिपी. ती टाइपात बसत नव्हती. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने हजारो शब्दरूपे हाताने काढली आणि १९८१ साली ‘नूरी नस्तालीक’ तयार झाली. वडिलांचे नाव नूर अहमद, त्यावरून नूरी. पुढे इनपेज आले आणि उर्दू वर्तमानपत्रांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळे त्यातच होऊ लागले. पण जुन्या इनपेजचाही संकेत त्याचा एकट्याचा होता. त्यातला मजकूर उचलून व्हॉट्सअॅपवर टाकला तर समोरच्याला काही उमगत नाही.

यावर उपाय एकच, युनिकोड. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. जुन्या फाइल युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तक सॉफ्टवेअर दोन्ही भाषांसाठी मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरांत आणि रफारात गडबड होते. ज्या संगणकात जुना फाँट आहे तो भंगारात जाण्याआधी हे काम केलेले बरे.

नव्याने लिहिण्यासाठी काही विकत घ्यायला नको. मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक आलेला आहे, विंडोज ११ मध्येही आहे. सेटिंग्जमध्ये भाषेच्या यादीत मराठी जोडा, त्यात फोनेटिक निवडा. इंग्रजी अक्षरांनी ‘तुळजापूर’ टाइप केले की देवनागरीत उमटते. तिथेच उर्दूही जोडा. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. उर्दूचा साधा कळफलक अवघड वाटतो, त्याऐवजी लाहोरच्या उर्दू भाषा संशोधन केंद्राने बनवलेला फोनेटिक कळफलक मोफत मिळतो. अक्षरे नस्ख वळणाची दिसली तर ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा फाँट निवडा. लहान मुलांना मात्र मी इनस्क्रिप्टच शिकवा म्हणेन. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, बाराखडीच्या हिशेबाने मांडलेली. पंधरा दिवस कंटाळा येतो, पुढे बोटे आपोआप पळतात.

ठेवलेली फाइल सापडत नाही ही तक्रार घरोघरी आहे. ‘एव्हरीथिंग’ नावाचे सॉफ्टवेअर घ्या. नावाची दोन-तीन अक्षरे टाकताच यादी समोर येते, देवनागरी आणि उर्दू नावेसुद्धा. झिप फाइल उघडायला ‘सेव्हन-झिप’. बस्स.

हे सगळे घ्यायचे कुठून? ज्याचे त्याच्याच साइटवरून, नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. सीडीत ‘सगळे फुल व्हर्जन’ भरून देणाऱ्याकडून नको. विंडोज किंवा ऑफिसचे कुलूप तोडणाऱ्या ‘अॅक्टिवेटर’मधून व्हायरस घरात येतो. तो चालावा म्हणून विंडोजची सुरक्षा आधी बंद करायला सांगतात, यातच सगळे आले. शिवाय तो चोरीचा माल आहे. हलाल कमाईने घेतलेल्या लॅपटॉपमध्ये तो कशाला, आणि तोही फुकटची चांगली वस्तू समोर असताना?

‘संगणक वेगवान करून देतो’ म्हणणाऱ्या सफाई सॉफ्टवेअरचेही मला विशेष प्रेम नाही. २०१७ साली सीक्लीनर या प्रसिद्ध सफाई सॉफ्टवेअरच्या खऱ्या प्रतीतच चोरांनी विषारी भाग घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर गेली होती. विंडोजमध्ये डिस्क क्लीनअप आहे, ते पुष्कळ झाले. विंडोज १० ला मिळणारा मोफत सुरक्षेचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असू द्या. ११ चालत असेल तर चढवा.

शेवटी ‘व्हीएलसी’. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत त्याची साइट भारतात बंद होती, आता चालू आहे. त्याचा पत्ता व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. घरात निकाहच्या जुन्या सीडी असतील, ज्यात दादी आणि नाना चालते-बोलते आहेत, तर त्या यात चालतात. त्या सीडीत ‘डॅट’ नावाच्या फाइल असतात. त्या संगणकावर उतरवून घ्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो, म्हणून ज्या शेजाऱ्याकडे जुना संगणक आहे त्याच्याकडे या सुट्टीतच जाऊन या.