पहिलं पिस्तूल

‘अब्बा, मला पिस्तूल घ्यायचंय.’

आठवीतली मुलगी रात्री जेवताना असं म्हणाली आणि तिच्या अम्मीची तव्यावरची चपाती करपली. मीही थोडा वेळ गप्प राहिलो. आमच्या घरात आजवर आलेली शस्त्रं म्हणजे सुरी, विळी आणि माझ्या आईचा बोथट अडकित्ता. शाळेत नेमबाजीचं शिबिर झालं होतं. दहा मीटरवरच्या कागदावर हिनं पाच छर्रे मारले, त्यातला एक काळ्या गोलात गेला आणि पोर तिथंच अडकली.

मंडळी, २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरनं एअर पिस्तुलात कांस्यपदक घेतलं, पुढं सरबज्योत सिंगबरोबर मिश्र दुहेरीतही घेतलं. तेव्हापासून असा प्रश्न पुष्कळ घरांत निघाला असणार. मी नेमबाज नाही, प्रशिक्षकही नाही. नगरपालिकेत कारकुनी करतो आणि कविता लिहितो. कवितेच्या मानधनात छऱ्यांचा एक डबा येतो, तोही वर्षातून दोनदा. पण मी पिस्तूल दोन वेळा विकत घेतलं आहे, एकदा फसून आणि एकदा विचारून. त्या दोहोंच्या मधे जे कळलं, ते सांगतो.

आधी भीतीचं बोलू. हे पिस्तूल बारुदाचं नव्हे, हवेचं. हवेच्या दाबानं शिशाचा साडेचार मिलिमीटर जाडीचा छर्रा सुटतो. आपल्याकडे नळी ०.१७७ इंचांपेक्षा, म्हणजे याच साडेचार मिलिमीटरपेक्षा, मोठी नसेल आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ताकद जेमतेम पाच-सहा ज्यूल असते. पॉइंट टू-टू बोअरचं खरं पिस्तूल ही वेगळी गोष्ट. त्याला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि नवशिक्यानं त्याचा विचारही करू नये. मात्र हवेचं आहे म्हणून ते खेळणं नव्हे. डोळा जायला एवढी ताकद पुरते.

परवाना लागत नसला तरी लोकांच्या नजरा असतातच. शंकेखोर शेजारी सगळ्यांनाच असतो, आमच्या आडनावाला तो जरा जास्त असतो. म्हणून मी आपणहून पोलीस ठाण्यात गेलो आणि मुलीसाठी काय आणतो आहे ते सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, ‘पावती जपा आणि कपाटाला कुलूप लावा.’ पावतीची झेरॉक्स आजही पिस्तुलाच्या पेटीत आहे. ही सवय कुठल्याही आडनावाच्या माणसानं लावून घ्यावी.

आता माझं फसणं. शहरातल्या एका दुकानदारानं ‘हेच स्पर्धेचं’ म्हणून एक स्प्रिंगचं पिस्तूल माझ्या हाती दिलं. स्वस्त होतं, चकचकीत होतं, मी घेतलं. पोरगी महिनाभर घाम गाळत होती आणि छर्रे कागदभर पसरत होते. हे मी प्रशिक्षकांना दाखवलं, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन एकदाच ट्रिगर ओढला आणि परत दिलं. म्हणाले, ‘मुलीचा दोष नाही.’

स्प्रिंगच्या पिस्तुलात ट्रिगर ओढला की आतला जड दट्ट्या जोरात पुढं धावतो आणि त्यानं हवा दाबली जाते. छर्रा अजून नळीतच असतो आणि तेवढ्यात पिस्तूल आधी मागं, मग पुढं असा हिसका खातं. हातातली बारीकशी चूकही हा हिसका मोठी करून कागदावर नेतो. १९६५ साली जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीनं यावर तोड काढली. त्यांच्या ‘६५’ नावाच्या पिस्तुलात वरचा भाग रुळावर बसवावा तसा बसवला होता. हिसका त्या रुळावर जिरे, हातापर्यंत येत नसे. पण स्वस्तातल्या स्प्रिंग पिस्तुलात हे काही नसतं. डब्यावर नेम धरायला ते ठीक, शिकायला नाही. मुलगी त्यावर ट्रिगर झटक्यानं ओढायला शिकली होती. ती सवय मोडायला चार महिने गेले.

दुसऱ्यांदा आम्ही घाई केली नाही. प्रशिक्षकांची अटच होती की सहा महिने क्लबचं पिस्तूल वापरायचं आणि खिशात हात घालायचा नाही. या सहा महिन्यांत दोन गोष्टी आपोआप कळतात. एक म्हणजे पोराचा उत्साह टिकतो का. दुसरी म्हणजे त्याच्या हाताला काय हवं आहे.

हात म्हटलं, पण सुरुवात डोळ्यापासून करावी. दोन्ही तळव्यांची लहानशी खिडकी करून दूरचा बल्ब पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला बल्ब खिडकीतच दिसतो, तो तुमचा मुख्य डोळा. तो उजवा असेल आणि हातही उजवा असेल, तर प्रश्न मिटला. दोन्ही उलटसुलट असतील, तर खरेदीआधी प्रशिक्षकांना विचारावं. कारण या पिस्तुलांच्या मुठी उजव्या आणि डाव्या अशा वेगळ्या येतात, चपलेसारख्या. मापंही लहान, मध्यम, मोठी अशी असतात.

मूठ बरोबर आहे की नाही, हे पाहायची युक्ती फुकटची आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. समोर सुरक्षित भिंत असू द्या. पिस्तूल धरून डोळे मिटा, हात सावकाश खांद्याच्या रेषेत आणा आणि डोळे उघडा. पुढचा खांब मागच्या खाचेत आपोआप बसलेला दिसला, तर मूठ तुमची. दर वेळी खांब एकाच बाजूला कललेला दिसला, तर मूठ दुसऱ्या कुणाची तरी आहे. ती घासून बदलता येते, पण किती घासावं लागेल याचा अंदाज दुकानातच घ्या.

या खांबाची आणि खाचेची गोष्ट थोडी समजावून सांगतो, कारण पैसे कशाला द्यायचे ते इथंच ठरतं. एअर पिस्तुलावर दुर्बीण चालत नाही. पुढं एक छोटा खांब, मागं एक खाच आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड, एवढंच. पुढची आणि मागची साईट यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं. खांब खाचेत एक मिलिमीटर सरकला, तर दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटर सरकतो. कागदावरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा आणि त्यापुढची प्रत्येक रेघ आठ मिलिमीटरवर. म्हणजे दहाचे थेट सात होतात. याउलट खांब आणि खाच जुळलेली असताना सगळा हातच पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो आणि दहा मिळतात. हात सगळ्यांचेच हलतात. पदकवाल्यांचेही हलतात. ट्रिगर ओढताना खांब खाचेतून न हलवणं ही खरी विद्या.

म्हणून पैसे मोजायचे ते ट्रिगरसाठी. नियमाप्रमाणे तो किमान ५०० ग्रॅम वजन उचलणारा हवा, म्हणजे अर्धा किलो साखरेची पुडी. स्वस्त पिस्तुलाचा ट्रिगर याच्या कितीतरी पट जड असतो आणि खरखरत येतो. तेरा वर्षांच्या मुलीचं बोट तो ओढताना मनगटालाच ओढतं. चांगला ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा हलका, मग एक अडसर लागतो, तिथं थांबायचं, आणि पुढं काच तडकावी तसा तो सुटतो. मी गझल लिहितो. शेराची पहिली ओळ म्हणून झाल्यावर दुसरीआधी जे थांबणं असतं ना, तेच हे.

आता हवा. स्प्रिंग बाद केल्यावर तीन वाटा उरतात. कार्बन डायऑक्साइडची पिस्तुलं जुनी. त्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळं डिसेंबरचा नेम मे महिन्यात वर चढतो. आपल्या उन्हाळ्यात ते नको. दुसरी वाट म्हणजे एकदा दांडा ओढून हवा भरायची पिस्तुलं. रशियातल्या इझेव्हस्कचं आयझेडएच-४६एम हे यातलं नावाजलेलं. हिसका नाही, बाटली नाही, पंप नाही, बिघडायलाही फारसं काही नाही. मोठ्या माणसाला कमी पैशांत यासारखं पहिलं पिस्तूल नाही, असं माझं मत आहे. आम्ही तसंच एक वापरून पाहिलं. पण तो दांडा जड असतो आणि स्पर्धेत साठ फैरी, शिवाय आधीच्या सरावाच्या. विसाव्या फैरीला मुलीचा हात थरथरू लागला. मग शेजारी बसून दांडा मी ओढायचो आणि नेम ती धरायची. बाप-लेकीचं हे चित्र छान होतं, पण स्पर्धेत बापाला शेजारी बसू देत नाहीत.

राहिली तिसरी वाट, नळीखाली दाबलेल्या हवेची बाटली असलेलं पिस्तूल. आज स्पर्धांत बहुतेक हीच दिसतात. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्दिनी, जर्मनीचं वाल्थर. बाटली २०० बारपर्यंत भरते आणि दीडशेच्या आसपास फैरी निघतात. नवं घ्यायचं तर दीड-दोन लाखांची गोष्ट. त्यातही इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची असतात. पहिल्या पिस्तुलाला मात्र मी साधा यांत्रिक ट्रिगर घ्या म्हणेन. २०२१ मध्ये टोकियोत प्राथमिक फेरी चालू असतानाच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्यामागं मदतीला संघ होता, तालुक्याच्या गावात आपण कुणाकडं जाणार? विकत घेण्याआधी ‘बिघडलं तर दुरुस्त कोण करतं?’ हा प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आलं, तर उठून या.

आम्ही वापरलेलं घेतलं. कोल्हापूरकडची एक मुलगी कॉलेजसाठी परगावी जाणार होती, तिचं. जुनं घेताना सगळ्यात आधी बाटलीवरची तारीख वाचा. बाटलीचं आयुष्य बनवल्यापासून फार तर दहा वर्षं धरतात, पुढं स्पर्धेत ती चालत नाही. आणि नवी बाटली स्वस्त नसते. मग दाबाच्या काट्याचा रात्री फोटो काढा आणि सकाळी पुन्हा पाहा. काटा उतरला असेल, तर कुठंतरी गळती आहे. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगून पाहा. शेवटी पिस्तूल टेकूवर पक्कं ठेवून एकाच नेमानं पाच छर्रे मारा. पाचांचं मिळून जवळपास एकच भोक पडलं पाहिजे. बाहेरचे ओरखडे मनावर घेऊ नका. ओरखड्यांमुळं आम्हाला पाच हजार कमी पडले. ८५ हजारांत सौदा झाला, त्यातले ६० हजार माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेले. तिच्या अम्मीनं एक शब्द काढला नाही, पण त्या ईदला स्वतःसाठी काही घेतलंही नाही.

आणि इथं हिशेब संपत नाही. रोजचे शंभर छर्रे, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर तीस हजार छर्रे होतात. पाचशेचा एक, असे साठ डबे. हा आकडा कुठलाच दुकानदार आधी सांगत नाही. हाताशी असलेले सगळे पैसे पिस्तुलात घातले, तर पोर ते घेऊन छऱ्यांविना बसेल. आम्ही रोजच्या सरावाला देशी छर्रे वापरतो आणि परदेशी डबा स्पर्धेच्या आठवड्यात उघडतो. छर्रा मात्र चपट्या तोंडाचाच हवा. तो कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो, गुणांवरून वाद होत नाही.

जिथं काही खर्च नाही, तिथं हात सैल सोडावा. छर्रा न घालता, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर नुसता खांब-खाच जुळवून ट्रिगर ओढायचा सराव करता येतो. स्पर्धेच्या पिस्तुलात त्याची वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या पिस्तुलात तसं करू नये, दट्ट्याचं नुकसान होतं. मुलगी रोज रात्री अर्धा तास हे करते. डोळ्यांवरच्या झापडा, खास चष्मे, खास बूट यांची यादीही लोक हातात देतात. तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांचा पॅरिसमधला फोटो आठवतो ना? अंगात टी-शर्ट, डोळ्यांवर साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र दुहेरीत रौप्यपदक. मी तो फोटो मोठा करून भिंतीला लावला आहे, मुलीपेक्षा माझ्यासाठी.

मुठीचं राहिलं होतं. पिस्तूल जुन्या मालकिणीच्या हाताचं होतं, मूठ अक्रोडाच्या लाकडाची. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांना दाखवलं. त्यांनी मुलीच्या तळव्याला दिव्याची काजळी लावली आणि मूठ धरायला सांगितली. काजळी जिथं दाट उमटली, तिथं कानस फिरवली. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. जिथं उमटलीच नाही, तिथं लाकडाची लुगदी भरली. सबंध पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे असा नियम आहे, म्हणून पट्टी लावून जाडी मोजत गेलो. तीन रविवार हे काम चाललं. मजुरी विचारली तर मामा म्हणाले, ‘पोरीचं पहिलं मेडल दाखवायला आणा.’

करंगळीखाली थोडी जागा मात्र त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, ‘हात अजून वाढायचाय तिचा.’